चाचणीचा कागद आणि आपली सही

'ट्रायल' हा शब्द कानावर पडला की आमच्या वस्तीतल्या जुन्या माणसांना अजूनही कोर्ट आठवते. तारीख, वकील, साक्षीदार आणि शेवटी निकाल. अलीकडे मात्र हा शब्द कोर्टातून न येता दवाखान्यातून येऊ लागला आहे. गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे या विषयावर चार पत्रे आली. चारही घरांत वडील माणसाला प्रोस्टेटचा कर्करोग निघालेला आणि डॉक्टरांनी विचारलेले, की तुमच्या रुग्णाला ट्रायलमध्ये घेऊ का? एका भगिनीने कळवळून लिहिले आहे, की आमच्या बाबांवर उंदरासारखा प्रयोग होणार असेल तर आम्ही त्यांना घरी घेऊन येऊ. उलट दुसऱ्या एका बंधूंना ट्रायलमध्ये गेले म्हणजे सगळे फुकट होते असे कुठून तरी कळले आहे आणि नंबर कसा लावावा, कोणाची ओळख लागते काय, असे ते विचारतात.

एकाला भीती वाटते, दुसऱ्याला आशा वाटते. दोघांनाही कागदात काय लिहिले आहे ते कोणी समजावून सांगितलेले नाही.

आम्ही डॉक्टर नव्हेत. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्य टेबलामागे काढलेला कारकून माणूस. पण कागद वाचणे हा आमचा रोजचा धंदा आहे. सही कोणाची, कशाखाली, कोणत्या भाषेतल्या मजकुराखाली, नक्कल कोणाकडे राहिली, हे आम्हाला कळते. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठे उठवले आणि जमिनी गमावल्या, ही गोष्ट घराघरात माहीत आहे. तेव्हा औषधाचे डॉक्टरांनी पाहावे. कागदाचे आपण पाहू.

आधी रोगाविषयी थोडे. पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक गाठ असते, तिला पुरःस्थ ग्रंथी किंवा प्रोस्टेट म्हणतात. वय वाढले की ती बहुतेकांची थोडीफार वाढते आणि प्रत्येक वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण लघवी अडणे, रात्री चार-पाच वेळा उठावे लागणे, लघवीतून रक्त जाणे, कंबरेची हाडे सतत दुखणे यांपैकी काही असेल तर दाखवून घ्यावे. आपल्याकडचा पुरुष हे सांगतच नाही. बायकोला सांगत नाही, मुलाला तर नाहीच. सांगतो तेव्हा बऱ्याचदा रोग हाडात उतरलेला असतो.

या रोगावर आज जे काही उपचार आहेत ते कोणाच्या स्वप्नात आलेले नाहीत. १९४१ साली अमेरिकेत शिकागो विद्यापीठाचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की वृषण काढून टाकले, म्हणजे शरीरातले पुरुषी संप्रेरक खाली आणले, की हा रोग मागे हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज इंजेक्शनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने जो 'हार्मोनचा इलाज' करतात त्याचे मूळ हेच. त्यानंतर आलेले प्रत्येक औषध, शेक देण्याची प्रत्येक पद्धत आधी काही माणसांनी आपल्या अंगावर तपासू दिली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

आता चाचणी चालते कशी? नवे औषध प्रथम थोड्या माणसांत, ते किती मात्रेपर्यंत सोसते हे पाहण्यासाठी देतात. मग जरा अधिक माणसांत, गुण येतो की नाही हे पाहण्यासाठी. आणि शेवटी शेकडो-हजारो रुग्णांत, जुन्या उपचाराशी तुलना करण्यासाठी. आपल्या रुग्णाला यातल्या कोणत्या टप्प्यात घेत आहेत, हे पहिल्यांदा विचारावे. पहिल्या टप्प्यात गुण येण्याची आशा फार थोडी असते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगायलाच हवे. तुलनेच्या टप्प्यात कोणाला नवा उपचार आणि कोणाला जुना, हे डॉक्टर ठरवत नाहीत, रुग्णही ठरवत नाही. संगणक चिठ्ठी काढतो. हे ऐकून पुष्कळांना राग येतो. जिवाचा प्रश्न आणि चिठ्ठ्या टाकता? पण विचार करा, डॉक्टरांनी आपल्या मर्जीने वाटले असते तर तगड्या माणसांना नवे औषध आणि खंगलेल्यांना जुने गेले असते, आणि मग नवे औषधच चांगले असा खोटा हिशेब निघाला असता. ओळखीपाळखीची गोष्ट तर बोलायलाच नको. चिठ्ठीला जात, पैसा, शिफारस कळत नाही. आम्हाला तर सरकारी दवाखान्यात याहून निष्पक्ष व्यवस्था दुसरी दिसलेली नाही!

या कामाचे एक मोठे उदाहरण ब्रिटनमधले आहे. 'स्टॅम्पीड' नावाची चाचणी तेथे २००५ साली सुरू झाली, पुढे स्वित्झर्लंडही त्यात आले, आणि २०२३ पर्यंत जवळजवळ १२ हजार पुरुष तिच्यात दाखल झाले. एकाच चाचणीत अनेक उपचार एकाच वेळी तपासायचे, जो निरुपयोगी ठरेल त्याचे खाते बंद करायचे आणि नवा उपचार आत घ्यायचा, अशी तिची रचना. डोसेटॅक्सेल हे केमोचे औषध पूर्वी अगदी शेवटच्या अवस्थेत देत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने त्या अवस्थेतले आयुष्य दोन-अडीच महिन्यांनी वाढलेले दिसले होते. स्टॅम्पीडमध्ये तेच औषध हार्मोनच्या इलाजाबरोबर सुरुवातीलाच देऊन पाहिले. २०१६ साली निकाल आला: निम्मे रुग्ण जेथवर जगले तो काळ ७१ महिन्यांवरून ८१ महिन्यांवर गेला. औषध तेच, फक्त आधी दिले. पुढच्या वर्षी अबिरॅटेरोन या गोळीचा निकाल आला. तीन वर्षांनी हयात असलेले रुग्ण नुसत्या हार्मोनच्या इलाजात शंभरात ७६ होते, गोळीसह ८३.

पण याच चाचणीत हाडांसाठीचे झोलेड्रॉनिक अॅसिडचे इंजेक्शन आणि सेलेकॉक्सिब ही गोळीही तपासली होती. सेलेकॉक्सिबचे खाते २०११ साली बंद करावे लागले, इंजेक्शनानेही आयुष्य वाढले नाही. ज्यांच्या चिठ्ठीत हे उपचार आले त्यांना स्वतःला काय मिळाले? नेहमीचा उपचार मिळाला, वरचे जे मिळाले त्याने काही साधले नाही. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. चाचणी ही पुढच्या माणसासाठी असते. आत जाणाऱ्याला फायदा झाला तर झाला.

नवे म्हणजे चांगले, हा समज तर किती घातक आहे! अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथे २००१ पासून ३५,५३३ निरोगी पुरुषांवर एक चाचणी झाली. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम घेतल्याने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो काय, हे तिला पाहायचे होते. टळेल अशी चांगल्या-चांगल्यांना आशा होती. २००८ साली काहीच उपयोग दिसेना म्हणून गोळ्या थांबवल्या. २०११ साली पुढचा हिशेब आला, तर नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्के अधिक निघाला. ताकदीच्या म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्या आमच्या मित्रांनी हे कापून भिंतीला लावावे.

आपल्या मुंबईतही असे काम झाले आहे. परळच्या टाटा रुग्णालयाने २०११ ते २०१७ या काळात जोखमीचा प्रोस्टेट कर्करोग असलेल्या २२४ रुग्णांना चाचणीत घेतले. किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, तो नुसत्या ग्रंथीला द्यावा की ओटीपोटातल्या गाठींनाही द्यावा, हा वर्षानुवर्षे लोंबकळत पडलेला प्रश्न होता. जगातल्या मोठमोठ्या केंद्रांत यावर एकमत नव्हते. २०२१ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले रुग्ण नुसत्या ग्रंथीला शेक दिलेल्यांत शंभरात ८१ होते, ओटीपोटासह दिलेल्यांत ९५. लघवीचा त्रास दुसऱ्या गटात अधिक जणांना झाला, आणि एकूण आयुष्यात तोवर फरक दिसला नाही, हेही त्यांनी लिहिले. यात कोणतेही नवे औषध नव्हते, कोणत्या कंपनीची विक्री वाढणार नव्हती. परळच्या फूटपाथवर आणि धर्मशाळांत राहून देशभरातून माणसे ज्या रुग्णालयात येतात, तेथल्या २२४ रुग्णांनी जगाच्या एका प्रश्नाला उत्तर दिले. त्यांची नावे कुठे छापली जात नाहीत आणि जाऊही नयेत, पण आम्हाला हा आकडा नोबेलपेक्षा लहान वाटत नाही.

मग भीती कशाची? भीती खरी आहे आणि तिला इतिहास आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने गरीब कृष्णवर्णीय शेतमजूर पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. ३९९ जणांना उपदंश म्हणजे गरमीचा रोग होता, २०१ जणांना नव्हता. रोग्यांना सांगितले की तुमचे रक्त बिघडले आहे, आम्ही उपचार करतो. प्रत्यक्षात उपचार न करता रोग कुठवर जातो हे पाहायचे होते. पुढे पेनिसिलीन आले, सर्वत्र वापरले जाऊ लागले, तरी या माणसांना ते दिले नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे आणि त्याला खास मोफत उपचार म्हणायचे. जेवण फुकट, आणि मेल्यावर शवविच्छेदनाला संमती दिली तर अंत्यविधीचा खर्च. १९७२ साली वृत्तपत्रांनी फोडले तेव्हा हे थांबले. चाळीस वर्षे! अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली.

आपल्याकडे पाहा. २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस हजारो मुलींना टोचण्यात आली, त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. खम्ममला अनेक मुलींच्या संमतीच्या कागदावर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. २०१० साली तो प्रकल्प थांबवावा लागला. सात मुलींचे मृत्यू झाले होते. ते लसीमुळे झाल्याचे चौकशी समितीला आढळले नाही, आणि ती लस आज जगभर दिली जाते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली संमतीच्या या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. आमच्या मते तेथे गुन्हा सुईचा नव्हता, सहीचा होता. मुलगी आदिवासी, बाप निरक्षर, मग विचारायचे कोणाला, असे धरून चालले गेले.

हा इतिहास वाचून कोणी म्हणेल की मग दूरच राहिलेले बरे. पण दूर राहण्याचीही किंमत आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाने अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचे मृत्यू गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात होतात, आणि नव्या औषधांच्या चाचण्यांत ते वर्षानुवर्षे अगदी थोडे होते. काहींना टस्कीगी आठवत होते, काहींना तर कोणी विचारलेच नव्हते. औषध गोऱ्यांवर तपासायचे आणि सगळ्यांना द्यायचे, असा मामला. शेवटी ड्यूक विद्यापीठाच्या पुढाकाराने अबिरॅटेरोनची एक चाचणी मुद्दाम ५० कृष्णवर्णीय आणि ५० गोऱ्या रुग्णांवर केली गेली. पीएसए पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ कृष्णवर्णीय रुग्णांत अधिक निघाला. चाचणी लहान आहे, तिच्यावरून फार मोठे बोलू नये. पण ज्यांना मोजलेच नव्हते त्यांना मोजल्यावर काहीतरी वेगळे दिसले, एवढे खरे.

आता कागदाकडे वळू. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाने सरकारला धारेवर धरले आणि २०१३ पासून नियम कडक होत गेले. आज लागू आहेत ते मार्च २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम. त्यांच्यात सामान्य माणसाच्या हाती बरेच काही दिलेले आहे, फक्त ते कोणी सांगत नाही.

माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे, तांत्रिक शब्दांचा पसारा नको. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा आणि त्यानेही सही करायची. भरलेल्या संमतिपत्राची एक प्रत रुग्णाला द्यायची. नव्या रेणूचे औषध असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल तर संमती घेतानाचे चित्रीकरण ठेवायचे. रुग्णाला केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. शहरातल्या एका रुग्णालयात आमच्या परिचितांपुढे अठरा पानी इंग्रजी कागद टाकून 'उद्या साहेब रजेवर आहेत, आत्ताच सही करा' असे सांगितले गेले. आम्ही सोबत होतो. मराठी प्रत मागितली. कपाटातून निघाली! म्हणजे होती, फक्त मागणारा नव्हता.

त्या कागदाच्या शेवटी रुग्णाचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव असे रकाने असतात. पुष्कळ जण ते मोकळे सोडतात. सोडू नयेत. वारसदाराचा रकाना भरपाईसाठी आहे. चाचणीमुळे मृत्यू झाला असे ठरले तर भरपाई किती, याचे सूत्र नियमांच्या सातव्या परिशिष्टात दिले आहे आणि वाणिज्य शाखेच्या माणसाला ते सोडवत नाही. मूळ रक्कम ८ लाख. तिला वयाच्या गुणकाने आणि रोगाच्या जोखमीच्या गुणकाने गुणायचे आणि ९९.३७ ने भागायचे. आता ६५ वर्षांवरच्या माणसाचा वयाचा गुणक नेमका ९९.३७ च आहे, म्हणजे तो कटतो. उरतात ८ लाख गुणिले जोखीम. रुग्ण सहा महिन्यांहून अधिक जगणार नाही अशा अवस्थेत असेल तर गुणक अर्धा, म्हणजे ४ लाख. सहा ते चोवीस महिन्यांची आशा असेल तर ८ लाख. मध्यम जोखमीचा असेल तर १६ लाख. निरोगी स्वयंसेवकाचा गुणक चार, म्हणजे ३२ लाख.

म्हणजे माणूस जितका रोगाने पिचलेला तितकी त्याची किंमत कमी. हा हिशेब आम्हाला टोचतो. पण त्याच सूत्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे आम्ही कागद दोनदा वाचला. उत्पन्नाचा रकाना फॉर्ममध्ये आहे, सूत्रात नाही. सफाई कामगार असो की कारखानदार, वय आणि आजार सारखा असेल तर आकडा सारखा. अपघाताच्या दाव्यांत गरिबाचा जीव स्वस्त ठरताना आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. येथे तसे नाही. अर्थात मूळ रोगाने मृत्यू आला तर ही भरपाई नसते, आणि हे सूत्र नव्या औषधांच्या, औषध नियंत्रकांच्या परवानगीच्या चाचण्यांचे आहे. जुन्याच औषधांवर रुग्णालयाने स्वतः केलेल्या अभ्यासात भरपाईची सोय काय, हे वेगळे विचारून कागदावर पाहावे.

यावर नजर ठेवायला प्रत्येक ठिकाणी नीतिसमिती असते. तिच्यात निदान सात सभासद हवेत, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, एक तरी स्त्री, एक कायदा जाणणारा आणि एक अगदी सामान्य माणूस, ना डॉक्टर ना शास्त्रज्ञ. ही सामान्य माणसाची खुर्ची कोण भरते? बहुधा डॉक्टरसाहेबांच्या ओळखीचे निवृत्त प्राध्यापक. आपल्यातले शिक्षक, बँकेतले, विम्यातले कार्यकर्ते त्या खुर्चीसाठी अर्ज का करीत नाहीत? मोर्चाला शंभर जण येतात. महिन्यातून एकदा दोनशे पाने वाचून 'हे वाक्य माझ्या आईला कळणार नाही' असे सांगायला एक जण पुरतो.

कुटुंबातल्या मंडळींशी मात्र आमचे वेगळे भांडण आहे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या चांगल्या परिचयाचे, वय ६९. रोग हाडात गेल्याचे कळताच दोघा मुलांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितले, बापाला कळू देऊ नका, साधी गाठ आहे म्हणा. पुढे एका चाचणीची गोष्ट निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ज्याला आपला रोग माहीत नाही त्याची संमती मी कशी घेऊ? थोरला मुलगा आमच्याकडे आला. वडिलांचे मुखत्यारपत्र माझ्या नावे आहे, त्यावर मी सही केली तर चालेल ना? आम्ही त्याला समजावले, की हा पेन्शनचा कागद नाही. माणूस शुद्धीवर आहे, त्याची बुद्धी शाबूत आहे, तोवर त्याच्या शरीरावर त्याच्याशिवाय कोणाची सही चालत नाही. प्रेमाने केलेली असली तरी नाही.

मुले तयार होईनात. शेवटी लेकीने बापाला सांगितले. तर गृहस्थ म्हणाले, मला चार महिने माहीत आहे, ज्या बाकावर तुम्ही मला बसवता त्याच्या डोक्यावरच मराठीत कर्करोग विभाग असे लिहिले आहे. पस्तीस वर्षे वर्कशॉपचा नोटीस बोर्ड वाचणारा माणूस! त्यांना वाटत होते मुलांना धक्का बसेल, मुलांना वाटत होते त्यांना बसेल, आणि सगळे घर एकमेकांपासून तोंड लपवून जेवत होते. कागद त्यांनी घरी आणला, सहा दिवस ठेवला. तीन प्रश्न लिहून नेले: चाचणीत नाही आलो तर मला काय उपचार मिळेल, किती वेळा यावे लागेल, आणि चाचणी संपल्यावर औषध कोण देणार. मग सही केली. चिठ्ठीत त्यांना जुनाच उपचार आला. मुले खट्टू झाली. ते मात्र म्हणाले की तपासणी तर वेळेवर होते ना. वारसदाराच्या रकान्यात त्यांनी लेकीचे नाव लिहिले आहे, आणि त्यावरून घरात थोडी धुसफूस चालू आहे.

त्यांचे तिन्ही प्रश्न प्रत्येकाने विचारावेत असे आहेत. पहिला अशासाठी, की चाचणीला नाही म्हटले तर उपचारच नाही असा समज करून दिला जातो किंवा आपण करून घेतो. ते खरे नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात, त्यांचा चाचणीशी संबंध नाही. दुसरा प्रश्न खर्चाचा. कंपनीच्या चाचणीत तपासले जाणारे औषध आणि त्यासाठीच्या जादा तपासण्या रुग्णाच्या खिशातून नसतात. पण लातूर-नांदेडहून महिन्याला मुंबईची खेप, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, तीन दिवसांचे खाणे हे कोण देणार? प्रवासखर्च देण्याची तरतूद असेल तर ती कागदावर लिहिलेली असते. अर्ध्यातून येणे सुटले तर रुग्णाचेही नुकसान आणि चाचणीचेही. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. नवे औषध लागू पडले आणि चाचणी संपली, तर पुढे काय? दुसरा इलाज नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि नीतिसमितीने मान्य केली, तर औषध पुढे मोफत देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. पण ती आपोआप लागू होत नाही, आणि रुग्णाकडून जबाबदारीतून सूट देणारे पत्र लिहून घेतात. म्हणून आधीच विचारावे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर अबिरॅटेरोनची आणखी एक गोष्ट. या गोळ्या रोज १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या चार, उपाशीपोटी घ्यायच्या असतात. जेवणाबरोबर घेतल्या तर औषध शरीरात कितीतरी पट अधिक शोषले जाते, म्हणून उपाशी. शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी, म्हणजे हगिन्स यांच्याच विद्यापीठातल्या, उलटा विचार केला: मग एकच गोळी जेवणाबरोबर दिली तर? ७२ रुग्णांवर चाचणी केली, २०१८ साली निकाल छापला. पीएसए दोन्ही गटांत सारखाच उतरला. चारऐवजी एक गोळी! हा प्रश्न गोळ्या विकणारी कंपनी कशाला विचारील? चाचणी लहान होती आणि आयुष्य किती वाढते हे पाहणारी नव्हती, म्हणून सगळे डॉक्टर ते मानत नाहीत. पण ज्यांना पूर्ण मात्रा परवडतच नाही अशांना आपल्या देशातले अनेक कर्करोगतज्ज्ञ या मार्गाने औषध देतात. मात्र हे वाचून कोणी परस्पर गोळ्या कमी करू नयेत. या औषधाबरोबर दुसरी गोळी घ्यावी लागते, रक्तदाब आणि यकृत तपासत राहावे लागते. डॉक्टरांना विचारावे, आणि विचारताना संकोच करू नये.

भारतात होणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणे जून २००९ पासून बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक माहितीपत्रकावर पाहावा, नसल्यास मागावा. संगणक चालवणाऱ्या नातवाला सांगितले तर तो दहा मिनिटांत काढून देईल, की चाचणी कोणाची आहे, पैसा कोणाचा आहे, कोणत्या गावी चालू आहे.

ज्या चार वाचकांची पत्रे आली त्यांना वेगळे उत्तर टपालाने पाठवले आहे. दोघांचा पत्ता अपुरा आहे, त्यांनी पिन कोडसह पुन्हा कळवावा. आणि कोणीही मूळ रिपोर्ट किंवा संमतिपत्राची अस्सल प्रत आमच्याकडे पाठवू नये. झेरॉक्स पाठवावी, अस्सल घरातल्या पेटीत ठेवावी.